जुन्या डीटी २५०चा फोम फिल्टर धुताना

मोटरसायकलच्या हवापेटीचे झाकण उघडून आत हात घातला, तेव्हा इंजिनात जाणारी हवा गाळणाऱ्या फोमचा जो तुकडा हाताला लागला तो चहात भिजलेल्या बिस्किटासारखा बोटांत कुस्करला गेला. काही भाग चिकट झाला होता, काही भागाचा भुगा झाला होता, आणि जो भाग तिथे असायला हवा होता पण नव्हता तो कुठे गेला असेल, हा विचार मनात येताच गाडी सुरू करून पाहण्याचा बेत मी तिथेच सोडून दिला. कार्बुरेटर खोलला. त्याच्या तोंडाशी तपकिरी लगदा बसलेला होता.

ही गाडी १९७५ सालची यामाहा डीटी २५०. मी दक्षिण कॅलिफोर्नियात, रिव्हरसाइड कौंटीत राहतो आणि तीन वर्षांपूर्वी एका निवृत्त गृहस्थांकडून मी ती घेतली. त्यांनी ती तरुणपणी मोहावी वाळवंटात मनसोक्त चालवली होती आणि नंतर जवळपास तीस वर्षे ती त्यांच्या गॅरेजात चादरीखाली उभी होती. डीटी मालिकेची सुरुवात १९६८ च्या डीटी-१ पासून झाली. त्याआधी अमेरिकेत माती-डोंगरात चालवायला जरा ताकदीची गाडी हवी असेल, तर एखादी जड ब्रिटिश मोटरसायकल सुटे भाग काढून हलकी करायची किंवा महागडी युरोपीय टू-स्ट्रोक घ्यायची, एवढेच बहुतेकांना शक्य असे. २४६ सीसीचे साधे इंजिन, पाच गिअर आणि पेट्रोलमध्ये तेल मिसळण्याचे काम वाचवणारा ऑटोल्यूब पंप असलेल्या या गाडीने आठवडाभर नोकरी करणाऱ्या माणसाला शनिवार-रविवारी डोंगरात नेले. होंडाने १९७३ साली ज्याचे नाव आपल्या सीआर २५० या मोटोक्रॉसच्या, म्हणजे माती-चढउतारावरच्या शर्यतीच्या, गाडीला दिले ते लेक एल्सिनोर हे गाव माझ्या घरापासून फार लांब नाही, त्यामुळे त्या काळातल्या गाड्यांविषयी जिव्हाळा असलेली माणसे या भागात अजूनही भेटतात आणि सुटे भागही मिळतात.

माझा स्वतःचा जिव्हाळा मात्र कोल्हापुरातला आहे. कॉलेजात असताना माझ्याकडे यामाहा आरएक्स १०० होती आणि तिच्यातही फोमचाच फिल्टर असे. उद्यमनगरातले आमचे मिस्त्री तो स्पंज काढत, वाटीभर पेट्रोलमध्ये खळखळून धूत, पिळत, झटकत आणि टू-टी ऑइलचे (टू-स्ट्रोक इंजिनाच्या तेलाचे) चार थेंब चोळून परत बसवत. पाच मिनिटांत काम पूर्ण होई. डांबरी रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला ते पुरतही असावे, कारण ती गाडी माझ्या हातात असेपर्यंत व्यवस्थित चालली. ती पद्धत माझ्या हातात इतकी बसली होती की डीटीच्या बाबतीत तीच पुन्हा वापरली, आणि त्यातून जे शिकावे लागले ते इथे सविस्तर लिहितो.

आधी इंजिनाची अवस्था सांगितली पाहिजे. सिलिंडर काढला तेव्हा पिस्टनवर हवा आत येण्याच्या बाजूला खालून वर गेलेले बारीक ओरखडे स्पष्ट दिसत होते, रिंगांची फट मर्यादेच्या कितीतरी पुढे गेली होती आणि पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला बोटांनाही जाणवेल इतका खेळ होता. हे नुकसान तेलाच्या कमतरतेचे नव्हते, धुळीचे होते. फोर-स्ट्रोक इंजिनात हवा व्हॉल्व्हमधून थेट पिस्टनच्या डोक्यावर येते, तर टू-स्ट्रोकमध्ये ती आधी पिस्टनच्या खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक जिथे फिरतो त्या पेटीत, शिरते, क्रँकच्या बेअरिंगांना आणि रॉडच्या खालच्या टोकाला वळसा घालते आणि मग बाजूच्या मार्गांनी वर चढते. म्हणजे फिल्टरमधून निसटलेला प्रत्येक कण पिस्टनपर्यंत पोहोचण्याआधी इंजिनातल्या सगळ्यांत नाजूक बेअरिंगांना भेटून जातो. वाळवंटातल्या धुळीत क्वार्ट्झचे प्रमाण मोठे असते. मोह्सच्या मापावर क्वार्ट्झची कठीणता ७ आहे आणि साधे पोलाद त्याहून मऊ असते. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामधली फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या चार-पाच पट एवढीच असते, हे लक्षात घेतले म्हणजे डोळ्यांना न दिसणारी धूळ तिथे पॉलिश पेपरासारखी कशी काम करते ते कळते. सिलिंडर ०.५० मिलिमीटर मोठा बोअर करून घेतला, नवा पिस्टन आणि रिंगा घातल्या, क्रँक बांधून घेतला. त्याचा खर्च गाडीच्या किमतीच्या जवळपास गेला.

जुना फोम असा का विरघळतो हेही मी समजून घेतले, कारण पुढे कोणता फोम घ्यायचा हे त्यावर अवलंबून होते. फिल्टरचा फोम पॉलियुरेथेनचा असतो. वर्षानुवर्षे दमट हवा, उष्णता आणि पेट्रोलची वाफ लागून त्याच्या रेणूंच्या साखळ्या तुटत जातात आणि तो आधी चिकट, मग ठिसूळ होतो. गाडी चालवली नाही तरी हे होत राहते. म्हणून वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीचा फिल्टर दिसायला अखंड असला तरी तो दोन बोटांत धरून थोडा ताणून पाहिल्याशिवाय किक मारू नये, असे मी आता प्रत्येकाला सांगतो. चांगला फोम ताणला की लगेच मूळ आकारावर येतो. खराब झालेला फोम ताणलेल्या ठिकाणी फाटतो किंवा बोटांवर काळे कण सोडतो. मी दोन थरांचा नवा फोम घेतला. त्याचा बाहेरचा थर मोठ्या छिद्रांचा आणि आतला बारीक छिद्रांचा असतो. बाहेरचा थर जाडीभरडी माती धरतो आणि आतल्या थरावरचा भार हलका करतो, त्यामुळे एकाच थराच्या फोमपेक्षा तो अधिक वेळ मोकळा श्वास घेऊ देतो.

नव्या फोमला मी पहिल्यांदा तेल दिले ते कोल्हापुरी पद्धतीने. टू-स्ट्रोकचे तेल ओतले, दाबून मुरवले, जादा पिळून काढले आणि बसवले. हे अगदीच चुकीचे होते असे म्हणता येणार नाही, कारण त्या काळच्या मार्गदर्शिकांमध्येही इंजिनाचेच तेल फोमला लावायला सांगितलेले असे. त्यानंतर मोहावी वाळवंटातल्या जॉन्सन व्हॅलीत, कोरड्या तळ्याच्या पात्रात, मी अर्धा दिवस गाडी चालवली. तिथली माती पिठासारखी असते. पुढच्या गाडीच्या मागे ती भिंतीसारखी उभी राहते आणि बराच वेळ खाली बसत नाही. घरी येऊन फिल्टर काढला आणि कार्बुरेटरकडे जाणाऱ्या रबरी नळीत पांढरे फडके बोटाला गुंडाळून फिरवले. फडक्यावर तपकिरी पट्टा उमटला. नवे बोअरिंग, नवा पिस्टन आणि पहिल्याच दिवशी आत धूळ, हे पाहून मला खरोखर वाईट वाटले.

फिल्टर हातात घेऊन पाहिल्यावर कारण दिसले. तेल खाली उतरले होते. फोमचा खालचा भाग थबथबलेला होता, हवापेटीच्या तळाशी तेलाचे थारोळे साचले होते आणि वरचा भाग जवळजवळ कोरडा होता. शनिवारी चालवण्यासाठी मी गुरुवारी रात्रीच फिल्टर तयार करून बसवला होता, आणि त्या दीड दिवसात तेलाने आपला मार्ग धरला होता.

माझी मुलगी तेव्हा शेजारी उभी होती. तिने फोम दिव्यासमोर धरून पाहिला आणि विचारले, “बाबा, याची छिद्रं तर डोळ्यांना दिसतात. मग इतकी बारीक धूळ याच्यात अडकते कशी?” या प्रश्नातच सगळे काम सामावलेले आहे. फोम चाळणीसारखा काम करत नाही. त्याची छिद्रे धुळीच्या कणांपेक्षा कितीतरी मोठी असतात आणि कोरडा फोम बारीक धूळ सरळ आत जाऊ देतो. पण त्यातला मार्ग सरळ नसतो. हवेला आत जाताना असंख्य वळणे घ्यावी लागतात, हवा हलकी असल्यामुळे वळते, कण तिच्या मानाने जड असल्यामुळे वळणावर सरळ जाऊन फोमच्या धाग्याला धडकतो, आणि त्या धाग्यावर चिकट तेल असेल तरच तो तिथे राहतो. शिवाय ते तेल अडकलेल्या कणावरही हळूहळू चढते, त्यामुळे कणाचा पृष्ठभागही पुढच्या कणाला पकडतो. धूळ अडवण्याचे काम तेल करते. फोम त्या तेलाला धरून ठेवण्यासाठी असतो. हे समजले की तेल कोणते, किती आणि किती सारखे पसरलेले, यांना एवढे महत्त्व का, हे वेगळे सांगावे लागत नाही.

फोम फिल्टरसाठी जे वेगळे तेल मिळते ते बाटलीतून ओतताना पातळ असते, कारण त्यात उडून जाणारा द्रव मिसळलेला असतो. तो द्रव तेलाला फोमच्या आतपर्यंत पोहोचवतो आणि मग उडून जातो. मागे उरते ते मधासारखे चिकट, आपल्या वजनाने खाली न उतरणारे तेल. त्यात बहुधा निळा, लाल किंवा हिरवा रंग घातलेला असतो आणि तो उगाच घातलेला नसतो, हे पुढे येईलच. कापडी जाळीच्या फिल्टरांसाठी मिळणारे तेल वेगळे आणि पातळ असते. दुकानात दोन्ही बाटल्या शेजारी असल्या तरी ते फोमला वापरू नये.

आता धुण्याविषयी. पेट्रोल मी पूर्णपणे सोडले आहे. ते पेट घेते ही पहिली गोष्ट, त्यातले बेंझिन कातडीतून शरीरात जाते ही दुसरी, आणि फोमचे तुकडे ज्या गोंदाने जोडलेले असतात तो गोंद ते सैल करते ही तिसरी. पेट्रोलमध्ये दोन-तीनदा धुतलेल्या एका फोमची शिवण माझ्या हातात उकलली आहे. मी रॉकेल वापरतो. नायट्राइलचे हातमोजे घालून, गॅरेजचे दार उघडे ठेवून, पसरट बादलीत फोम बुडवतो आणि दोन तळहातांमध्ये दाबत राहतो. कपडे पिळतो तसा पीळ कधीच देत नाही. पीळ दिला की बारीक छिद्रांच्या भिंती फाटतात आणि ती फाट बाहेरून दिसत नाही. दाबायचे, सोडायचे, फोमला रॉकेल पिऊ द्यायचे आणि पुन्हा दाबायचे. पहिले रॉकेल चिखलासारखे होते. ते बरणीत ओतून ठेवतो, दोन दिवसांत माती तळाशी बसते आणि वरचे स्वच्छ रॉकेल पुढच्या वेळी पहिल्या धुण्याला चालते. तळाचा गाळ गटारात न टाकता आमच्या कौंटीच्या घातक कचरा केंद्रावर नेऊन देतो. हे काम कंटाळवाणे आहे, पण या भागात पाणी किती जपून वापरावे लागते हे पाहिल्यावर ते टाळणे मला योग्य वाटत नाही.

रॉकेलनंतर कोमट पाणी आणि भांडी घासायचा साबण. रॉकेल तेल सोडवते, साबण रॉकेल सोडवतो. पाणी नेहमी आतल्या बाजूने बाहेर सोडायचे, म्हणजे धूळ जिकडून आली तिकडूनच परत जाते. बाहेरून जोरात धार मारली तर बाहेरच्या थरातली माती आतल्या थरात जाऊन बसते. पाणी स्वच्छ येईपर्यंत मी हे करतो. शेवटी फोम पांढऱ्या फडक्यात दाबून पाहतो. कधीकधी स्वच्छ दिसणाऱ्या फोममधूनही फडक्यावर राखाडी डाग येतो आणि मग पुन्हा साबणाकडे जावे लागते.

वाळवण्याच्या बाबतीत मला सर्वांत जास्त संयम शिकावा लागला. दुसऱ्यांदा मी फिल्टरचे योग्य तेल आणले होते, पण घाईत फोम अर्धवट ओला असताना ते लावले. जिथे पाणी होते तिथे तेल गेलेच नाही, आणि पाणी नंतर उडून गेल्यावर तिथे कोरडे ठिगळ उरले. केस वाळवायच्या यंत्राने वाळवण्याचाही प्रयत्न केला, पण बाहेरून कोरडा वाटणारा फोम आतून दमट राहतो आणि उष्णता गोंदाला मानवत नाही. आता धुतलेला फोम सावलीत, मोकळ्या हवेत, तारेवर टांगून रात्रभर ठेवतो. ऊन टाळतो, कारण उन्हाने तो लवकर वाळतो तसाच लवकर जुनाही होतो. या वाळण्याच्या वेळेसाठीच मी दोन फोम ठेवले आहेत. एक गाडीत, एक तारेवर.

फोम वाळेपर्यंत हवापेटी साफ करायची. कार्बुरेटरकडे जाणाऱ्या तोंडात आधी स्वच्छ फडके कोंबायचे, कारण पुसताना निघालेली माती तिथेच पडते. जुन्या गाड्यांत इथे आणखी एक काम असते. माझ्या गाडीतली रबरी नळी पन्नास वर्षांची होती आणि वळणाच्या आतल्या बाजूला तिला केसाएवढ्या भेगा होत्या. नळी बाहेर काढून वाकवल्याशिवाय त्या दिसत नव्हत्या. फिल्टर कितीही चांगला असला तरी अशा भेगेतून आत जाणारी हवा न गाळलेली असते, आणि टू-स्ट्रोकमध्ये तिचा दुसराही त्रास आहे. जादा हवेमुळे मिश्रण पातळ होते, पिस्टन तापतो आणि जाम होऊ शकतो. नळी बदलली. हवापेटीच्या झाकणाची पट्टीही वाळून कडक झाली होती, तीही बदलली.

तेल लावण्यासाठी मी जाड पारदर्शक पिशवी वापरतो. कोरडा फोम तिच्यात घालायचा, साधारण पाऊण वाटी तेल ओतायचे, तोंड बंद करायचे आणि बाहेरून कणकेसारखे मळत राहायचे. हात स्वच्छ राहतात हा किरकोळ फायदा आहे. खरा फायदा असा की पिशवीतून रंग दिसतो. मग फोम काढून तळहातांमध्ये दाबून जादा तेल परत बाटलीत घालायचे. किती ठेवायचे याचे माझे माप असे आहे: रंग सगळीकडे सारखा दिसावा, पण दाबल्यावर थेंब पडू नये. जादा तेल राहिले तर हवा अडते, गाडी जड चालते, किक जास्त माराव्या लागतात आणि प्लग काळा होतो. कमी राहिले तर काय होते ते आधीच सांगितले. यानंतर तासभर तो टांगून ठेवायचा, म्हणजे पातळ करणारा द्रव उडून जातो आणि तेल घट्ट होते. हा तासही मी पूर्वी गाळत असे.

बसवताना शेवटचे काम ग्रीसचे. फोमची कड हवापेटीला जिथे टेकते तिथे सबंध वर्तुळभर पाण्याने न सुटणाऱ्या ग्रीसचा पातळ थर द्यायचा. चौकटीवर फोम चढवताना त्याची शिवण मुरगळलेली नाही, कुठे दुमड नाही, हे आंधळ्या माणसाने चेहरा चाचपावा तसे बोट फिरवून पाहायचे. माझ्या तिसऱ्या फेरीनंतरही फडक्यावर एक बारीक रेघ उमटली होती. तेल बरोबर होते, फोम कोरडा होता, नळी नवी होती. दोष निघाला तो या कडेतच. एका कोपऱ्यात फोम दुमडला होता आणि तांदळाच्या दाण्याएवढी फट राहिली होती. तेव्हापासून मी रबरी नळीच्या आतही ग्रीसचा अगदी विरळ हात फिरवतो. काही निसटलेच तर ते तिथे चिकटते आणि मला दिसते.

आता हंग्री व्हॅलीला, मातीत गाड्या चालवण्यासाठी राखलेल्या जागी, जाताना दुसरा तेल दिलेला फोम बंद पिशवीत घालून हत्यारांच्या झोळीत ठेवतो. गट मोठा असेल आणि धूळ फार असेल तर दुपारी तोच बदलतो; बाहेर उघड्यावर काही धूत बसत नाही. पूर्वी मी दर तीन फेऱ्यांनी फिल्टर काढत असे, आता प्रत्येक फेरीनंतर काढून पाहतो, कारण गाडी किती चालली यापेक्षा ती कुणाच्या मागे चालली यावर फोमची अवस्था ठरते. एकट्याने ओल्या मातीत काढलेला सबंध दिवस फोमवर डागही सोडत नाही, आणि कोरड्या तळ्यात दुसऱ्या गाडीमागे काढलेली वीस मिनिटे त्याला पार तपकिरी करतात.

गेल्या रविवारी फोमला तेल द्यायचे काम मुलीकडे होते. ती पिशवी दिव्याकडे धरून, उलटसुलट करत, बराच वेळ मळत होती. मला तो पुरेसा निळा वाटला होता आणि मी पिशवी उघडायला हात पुढे केला होता. तिने पिशवी मागे घेतली. “थांबा बाबा, इथे आतल्या थरात अजून पांढरं आहे,” ती म्हणाली आणि पुन्हा मळू लागली.